पेरूचे झाड आणि भुकटीचा डबा

खानापूर तालुक्यातील एका वस्तीत, रस्त्याच्या अगदी कडेला, एक पेरूचे झाड होते. ते कोणी मुद्दाम लावलेले नव्हते. कोणा वाटसरूने खाऊन टाकलेल्या पेरूच्या बीतून ते आपोआप उगवले, आणि ज्या घराच्या कुंपणाला लागून उगवले त्या घरच्या माणसांनी त्याला पाणी घालून वाढवले. फळ मध्यम आकाराचे, साल पातळ, आतून गुलाबी आणि बिया इतक्या थोड्या की दात नसलेल्या म्हाताऱ्यांनीही निर्धास्तपणे खावे. २०२३ च्या मे महिन्यात त्या घरची आजी आमच्याकडे आली. रस्ता रुंद व्हावयाचा होता आणि मोजणीवाल्यांनी झाडाच्या बुंध्यावर लाल खूण केली होती.

"फादर, झाड जायचं ते जाणारच," ती म्हणाली, "रस्त्याला आम्ही नाही कसं म्हणावं? पण ह्या पेरूची चव तेवढी राखता येईल का, बघा."

बी लावा, असे सांगणे सोपे होते. परंतु ते खरे उत्तर नव्हते. पेरूच्या बीतून येणारे रोप आईसारखेच निघेल याचा भरवसा नसतो. फुलात कोणत्या झाडाचे पराग आले आणि दोघांचे गुण कसे मिसळले, यावर ते अवलंबून असते. दहा बिया लावाव्या तर दहा तऱ्हेची फळे यावयाची. तेच झाड पुन्हा हवे असेल तर त्या झाडाच्याच एखाद्या फांदीला मुळ्या फुटावयास हव्यात. आणि ह्या जातीचे झाड कोठल्याही रोपवाटिकेत नव्हते. जगात ते एकच होते, आणि त्यावर लाल खूण होती.

आमच्या कपाटात मुळ्या फुटण्यासाठी लावावयाच्या संजीवकाचा एक डबा होता. गुलाबाच्या काड्यांसाठी तो आम्ही पूर्वी आणला होता. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने तो घेऊन गेलो, चोवीस काड्या कापल्या, त्यांची टोके डब्यातच बुडवली आणि वाळूच्या वाफ्यात त्या लावल्या. महिन्याभरात चोवीसही काड्या बुडातून काळ्या पडल्या. आजी आम्हांला काही बोलली नाही. न बोलणेच अधिक लागले. त्या झाडाच्या चोवीस चांगल्या फांद्या आम्ही फुकट घालविल्या होत्या. त्या चुकीमुळे हा विषय आम्हांला मुळापासून शिकावा लागला, आणि आपल्या घरांतून असले डबे आता सर्रास दिसू लागले असल्याने जे शिकलो ते येथे सांगतो.

प्रथम ही भुकटी म्हणजे काय ते पाहू. डबा उघडला की जी पांढरी पूड दिसते ती जवळजवळ सगळी शंखजिरे असते, म्हणजे आपण तोंडाला पावडर म्हणून लावतो तेच. त्यात औषध अत्यल्प. तीन हजार दशलक्षांश असे लिहिलेले असेल तर एक किलो पुडीत फक्त तीन ग्रॅम औषध आहे असे समजावे. त्या औषधाचे नाव बहुधा इंडोल ब्युटिरिक ऍसिड असते. कधी नॅप्थॅलिन ऍसेटिक ऍसिड, कधी दोन्ही. ही नावे जड आहेत, परंतु डबा विकत घेताना ती वाचावीत. ज्या डब्यावर औषधाचे नाव व प्रमाण नाही तो घेऊ नये.

वनस्पतीच्या अंगी असे काही द्रव्य असते, ही कल्पना तशी जुनी. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली एका पुस्तकात लिहिले की, गवताचा कोवळा कोंब उजेडाकडे वळतो तो शेंड्यावरून काही प्रभाव खाली येतो म्हणून. शेंडा झाकला तर कोंब वळत नाही. हा प्रभाव म्हणजे एक खरेखुरे द्रव्य आहे, हे १९२६ च्या सुमारास हॉलंडमधील उट्रेख्ट येथे फ्रिट्स व्हेंट या तरुण संशोधकाने दाखवून दिले. त्याने ओटच्या कोंबांचे शेंडे कापून ते समुद्रशेवाळाच्या खळीच्या वड्यांवर ठेवले. शेंड्यातील द्रव्य वडीत उतरले, आणि मग नुसती ती वडी शेंडा कापलेल्या कोंबावर ठेवली तरी कोंब वाढू लागला. या द्रव्याला ऑक्झिन म्हणतात. ग्रीक भाषेतील 'वाढणे' या अर्थाच्या क्रियापदावरून ते नाव पडले. हेच द्रव्य मुळ्याही फोडते असे पुढे व्हेंट व थिमन यांना आढळले. आणि १९३५ साली अमेरिकेतील बॉइस थॉम्पसन संस्थेत झिमरमन व विल्कॉक्सन यांनी दाखविले की प्रयोगशाळेत केलेली इंडोल ब्युटिरिक व नॅप्थॅलिन ऍसेटिक ही द्रव्ये मुळ्या फोडण्यात अधिक गुणकारी आहेत. आपल्या कपाटातील डबा हा त्या संशोधनाचाच वंशज.

यातील एक गोष्ट मात्र नीट ध्यानात धरावी, कारण पुढचे सगळे तीवर उभे आहे. हे द्रव्य झाडात शेंड्याकडून बुडाकडे वाहते, आणि काडी कापली की ते खालच्या कापावर येऊन साचते. तेथेच मुळ्या फुटतात. आपण भुकटी लावतो ती ह्या साठ्यात थोडी भर घालण्यासाठी. म्हणजे भुकटी हे खत नव्हे. ती मातीत मिसळून किंवा लागलेल्या रोपाच्या बुडाशी शिंपडून काही लाभ नाही. काडी उलटी लावली तर भुकटीचा डोंगरही उपयोगाचा नाही.

शिवाय सर्वांनाच तिची गरज नसते. जास्वंद, तगर, शेवगा, पांगारा, तुती, अंजीर, द्राक्ष यांच्या काड्या नुसत्या लावल्या तरी लागतात. त्यांवर पैसे खर्चू नयेत. उलट आंबा, काजू आणि फणस यांच्या काड्या भुकटी लावूनही हाती लागत नाहीत. त्यांना खुंटावर कलम बांधणे हाच मार्ग. नारळ-सुपारीची तर गोष्टच सोडा. एका सद्गृहस्थांनी नारळाच्या झावळीच्या देठाला भुकटी लावून पाहिली होती. त्यांचे नाव आम्ही सांगणार नाही. भुकटीचा खरा उपयोग मधल्या वर्गाला: गुलाब, बोगनवेल, मोगरा, डाळिंब, लिंबू आणि आपला पेरू.

आता आमची चूक कोठे झाली ते सांगतो.

डबा तीन पावसाळे जुना होता. झाकण सैल झाले होते. तो ज्या कपाटात होता ते स्वयंपाकघराला लागून, आणि त्याच्या काचेतून दुपारचे ऊन आत येत असे. खानापूरचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना दमट हवेविषयी सांगावयास नको. तेथे मिठाचे पाणी होते आणि पुस्तकांना बुरशी येते. भुकटीत लहान लहान गोळे झालेले आम्ही पाहिले होते, तरी बोटांनी ते फोडून आम्ही तीच वापरली. ऊन, उष्णता आणि ओल हे या औषधाचे तीन शत्रू, आणि आम्ही तिघांनाही घरात थारा दिला होता. झाडात निसर्गतः असणारे इंडोल ऍसेटिक ऍसिड तर उजेडात फारच लवकर बिघडते. ब्युटिरिक त्या मानाने टिकाऊ, म्हणून तर डब्यात ते घालतात. परंतु टिकाऊ म्हणजे अमर नव्हे.

त्याहून वाईट म्हणजे ओल्या काड्या थेट डब्यात बुडवण्याची सवय. प्रत्येक काडीबरोबर पाणी, झाडाचा रस आणि तिच्यावरील बुरशी डब्यात उतरते. पहिली काडी शेवटच्या काडीला रोग देते, आणि उरलेली भुकटी वर्षभर तो रोग सांभाळून ठेवते. म्हणून डब्यातून लागेल तेवढीच चिमूट कागदावर किंवा बशीत काढून घ्यावी, डबा लगेच बंद करावा, आणि काम संपल्यावर कागदावर उरलेली भुकटी परत डब्यात न टाकता फेकून द्यावी. हे फेकणे आपल्या काटकसरी गृहिणींच्या जिवावर येते, हे आम्हांस ठाऊक आहे. तेव्हा मुळातच थोडी काढावी.

डबा कोठे ठेवावा? कोरड्या, थंड आणि अंधाऱ्या जागी. घरात शीतकपाट असेल तर त्याच्या दाराच्या कप्प्यात ठेवणे उत्तम, मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि अन्नापासून वेगळा. येथे एक बारीक गोष्ट आहे जी आम्हांला पुष्कळ उशिरा कळली. थंड डबा बाहेर काढल्याबरोबर उघडला तर पावसाळी हवेतील बाष्प थंड भुकटीवर जमते आणि ती आतून ओली होते. म्हणून डबा बाहेर काढून तासभर तसाच बंद ठेवावा. तो बाहेरच्या हवेइतका झाला की मगच उघडावा. औषधांच्या बाटलीत येणारी ओल शोषणारी लहान पुडी बरणीत टाकली तर आणखी बरे. डबा ज्या दिवशी प्रथम उघडला ती तारीख त्यावर शाईने लिहावी. छापलेली मुदत उलटलेला डबा मोठ्या कामाला वापरू नये.

आणखी दोन इशारे आहेत, आणि ते लहान मुले असलेल्या घरांनी वाचावेतच. ही भुकटी दिसावयास हुबेहूब तोंडाच्या पावडरीसारखी. आमच्या ओळखीच्या एका घरात मूळ पुठ्ठ्याचा डबा भिजला म्हणून ती पावडरीच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवली गेली, आणि शाळेला निघालेल्या मुलीने ती चेहऱ्याला लावली. सुदैवाने लगेच धुतल्यामुळे काही झाले नाही. भुकटी मूळ डब्यातच ठेवावी. बदलावी लागली तर नाव मोठ्या अक्षरांत लिहावे. दुसरा इशारा तणनाशकाविषयी. उसाच्या फडात रुंद पानांचे तण मारण्यासाठी टू-फोर-डी नावाचे औषध वापरतात. ते औषध आपल्या भुकटीचेच चुलत भावंड आहे: तेही ऑक्झिनच्याच जातीचे, परंतु इतके तीव्र की झाड वेडेवाकडे वाढून मरते. त्याचा अंशही द्राक्षाला किंवा कापसाला सोसत नाही. तेव्हा त्याच्या बाटलीशेजारी भुकटी ठेवू नये आणि त्यासाठी वापरलेला चमचा किंवा भांडे इकडे आणू नये.

हेच नाते प्रमाणाचे महत्त्वही सांगते. जे थोडे दिले असता मुळ्या फोडते तेच फार झाले तर काडीचे बूड काळे करते आणि वरच्या डोळ्यांना फुटू देत नाही. पुष्कळांचा समज असा की भुकटीचा थर जितका जाड तितकी मुळी दाट. तसे नाही. काडीचे खालचे एक सेंटिमीटर टोक किंचित ओले करावे, भुकटीत टेकवावे आणि मग बोटाने टिचकी मारून जास्तीची झाडून टाकावी. वाफ्यात आधी काटकीने भोक पाडून मग काडी आत सोडावी. तशीच खुपसली तर सगळी भुकटी वर घासून राहते. कोवळ्या, हिरव्या काडीला एक हजार दशलक्षांशाची भुकटी पुरते, अर्धवट जून झालेलीला तीन हजारांची, आणि कठीण लाकडाला आठ हजारांपर्यंतची लागते. काही डब्यांवर हेच प्रमाण एक, दोन, तीन अशा आकड्यांनी दाखवलेले असते. काडीच्या वरच्या कापावर थोडे शेण लावण्याची आपल्या आजोबांची चाल चांगली आहे, त्याने काडी सुकत नाही. मात्र ते वर लावावे, खाली नव्हे.

आपला डबा जिवंत आहे की मेला, हे ओळखावे कसे? भुकटी पाहून ते कळत नाही. येथे आपला मूग कामास येतो. वनस्पतिशास्त्रज्ञही मुळ्या फोडणाऱ्या द्रव्यांची परीक्षा मुगाच्याच रोपांवर करीत आले आहेत, हे वाचून आम्हांला मोठी गंमत वाटली. ओल्या वाळूत मूग पेरून उजेडात आठवडाभर वाढू द्यावेत. पहिली पाने उघडली की मुळ्यांचा भाग कापून टाकावा. मुगाच्या डाळिंब्यांखाली तीन सेंटिमीटर दांडा राहील असे पाहावे. मग दोन पेले घ्यावेत. एकात साधे पाणी. दुसऱ्यात, एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा तीन हजारी भुकटी ढवळून, त्यातील पाणी. प्रत्येकात दहा दहा रोपे एक दिवस उभी करावीत, आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची रोपे स्वच्छ पाण्यात हलवावीत. सहाव्या दिवशी मुळ्या मोजाव्यात. साध्या पाण्यातही थोड्या फुटतातच. परंतु भुकटी जिवंत असेल तर दुसऱ्या पेल्यातील दांड्यांवर मुळ्यांची दाट रांग दिसते. ही रोपे नंतर उसळीत घालू नयेत, हे सांगावयास नकोच.

आम्ही आमच्या जुन्या डब्याची ही परीक्षा घेतली. दोन्ही पेल्यांत काही फरक नव्हता. डबा मेलेला होता.

तरी सगळा दोष भुकटीवर ढकलणे अप्रामाणिकपणाचे होईल. पेरूची काडी तशीही हट्टी. झाड म्हातारे असेल तर त्याच्या जुन्या फांद्यांना मुळ्या फुटणे आणखी अवघड. एका माहितगार माळ्याने आम्हांला विचारले, "फादर, तुम्ही काडी का लावता? गुटी का बांधत नाही?" गुटीत फांदी झाडावरच असते, मुळ्या फुटेपर्यंत आईचे दूध तुटत नाही. त्याच्याच सांगण्यावरून, २०२४ च्या फेब्रुवारीत आजीच्या संमतीने आम्ही झाडाच्या दोन जाड फांद्या आखूड छाटल्या, म्हणजे त्यांतून नवे, कोवळे धुमारे यावेत. रस्त्याचे काम सुदैवाने लांबले होते. सरकारी कामाच्या दिरंगाईबद्दल आम्ही कृतज्ञ झालो तो हा एकच प्रसंग.

जुलैमध्ये पेन्सिलीएवढे जाड असे नऊ धुमारे मिळाले. या वेळी भुकटी नवीन आणली आणि आधी मुगावर पाहून घेतली. प्रत्येक धुमाऱ्यावर, शेंड्यापासून हात-दीड हात खाली, अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढली. सालीखालचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडला. तो राहिला तर साल पुन्हा जुळून येते आणि मुळ्या फुटत नाहीत. भुकटी लावली ती कापाच्या वरच्या कडेला, कारण द्रव्य वरून खाली येते आणि मुळ्या त्याच कडेतून फुटतात. खालच्या कडेला लावलेली भुकटी वायाच जाते. मग भिजवून घट्ट पिळलेले शेवाळ भोवती मुठीएवढे गुंडाळून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी, आणि दोन्ही टोके सुतळीने आवळून बांधली. शेवाळात पाणी राहिले तर कुजते. पिळून थेंब पडत नाही इतकेच ओले हवे.

आजी रोज सकाळी काठी टेकीत जाऊन त्या नऊ गाठोड्यांकडे पाही. पाचव्या आठवड्यात तिने निरोप पाठविला: "पांढऱ्या दोऱ्यासारखं काही दिसतंय." दोन गाठोड्यांत मुंग्यांनी घर केले होते, एक फांदी वाऱ्याने मोडली, एकीला नुसतीच गाठ आली. पाचांना मुळ्या फुटल्या. त्या पांढऱ्या मुळ्या तपकिरी होऊ लागल्यावर गुटीच्या खाली अर्धा छेद दिला, आणि दहा दिवसांनी पूर्ण कापून, निम्मी पाने काढून, रोपे पिशव्यांत लावून सावलीत ठेवली. एकदम कापले तर रोप गांगरते, म्हणून हे दोन टप्पे. त्या पाचांतले एक पिशवीतच गेले. चार जगली.

२०२५ च्या जानेवारीत रस्त्याचे यंत्र आले. आजी अंगणात खुर्ची टाकून बसली होती. झाड आडवे झाले तेव्हा ती उठून आत गेली. चार रोपांपैकी एक तिच्या परसात विहिरीजवळ आहे, एक बेळगावला लेकीकडे, एक शेजाऱ्यांकडे, आणि एक आमच्या अंगणात. गुटीच्या पेरूला दोन-तीन वर्षांत फळ धरते. आमच्या रोपाला यंदा पहिली फुले आली होती, ती आम्ही माळ्याच्या सांगण्यावरून खुडली, झाड आधी अंग धरू दे म्हणून. आजीने आपली खुडली नाहीत. तिच्या झाडावर सध्या सुपारीएवढी दोन फळे आहेत, आणि वटवाघळांच्या भीतीने तिने त्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून ठेवल्या आहेत.